होडीला थोरांचं नाव

पेंटर प्रभाकरने करंजाच्या बंदरावरून तिसऱ्यांदा फोन केला, तेव्हा पनवेलच्या कोळीवाड्यातल्या घरात जेवणं आटोपून पानं उचलली जात होती. उद्या नारळी पौर्णिमा. फायबरची नवी होडी रंगवून तयार होती, फक्त नाव लिहायचं राहिलं होतं आणि प्रभाकरला आजच्या आज आणखी तीन होड्या उरकायच्या होत्या.

"पाच वाजेपर्यंत सांगतो," असं म्हणून शैलेशने फोन पालथा ठेवला.

या घरात होडीला मुलाचं नाव द्यायची रीत होती. काशिरामने आपल्या होडीला थोरल्या मुलाचं, 'धर्मराज' असं नाव दिलं. धर्मराजने पुढे आपल्या होडीला 'हितेश' नाव दिलं. ज्याचं नाव होडीवर, त्याची होडी, हे आजवर कुणी बोलून दाखवलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. आता आली होती. थोरला हितेश बंदरात कंटेनरच्या ऑफिसात नोकरीला होता आणि त्याला मंथन नावाचा मुलगा होता. धाकटा शैलेश होडीवर जाणारा, आणि त्याला हर्षाली. मंथनचं नाव द्यावं तर शैलेश दुखावणार. हर्षालीचं द्यावं तर हितेश काही बोलणार नाही, पण त्याची बायको कोमल पुढची दहा वर्षं बोलेल.

धर्मराजने महिन्यापूर्वी यावर शक्कल लढवली. दोन्ही नातवंडांना पंधरा ऑगस्टसाठी शाळेत 'माझे प्रेरणास्थान' या विषयावर भाषण होतं. "आपल्यातल्या कुनाचंच नाव नको," म्हातारा म्हणाला होता. "थोरामोठ्याचं देऊ. पोरा शालंत शिकतात, त्यांनाच सांगू दे कोन आवारतो तो. ज्याचा मना पटंल, त्याचा नाव." साप मेला आणि काठीही मोडली नाही, असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात सापाने फक्त बीळ बदललं होतं. आता मंथनने सांगितलेलं नाव म्हणजे हितेशचं, आणि हर्षालीने सांगितलेलं म्हणजे शैलेशचं, असं दोन्ही घरांनी धरून टाकलं होतं.

कोमलने तयारीत कसर ठेवली नव्हती. सुकापूरच्या फ्लॅटमध्ये तिने मंथनकडून भाषण इतक्यांदा म्हणवून घेतलं होतं की खालच्या मजल्यावरच्यांनाही ते पाठ झालं असावं. आज तिने त्याला काजळाची मिशी काढली, कमरेला पुठ्ठ्याची तलवार बांधली आणि मधल्या खोलीत उभं केलं. धर्मराज खुर्चीत बसला होता. खाली चटईवर त्याची बायको जनी आणि धाकटी भावजय गोदू शेजारी शेजारी बसून उद्याच्या करंज्यांसाठी खोबरं किसत होत्या. शैलेशची बायको बाजारात मासळी घेऊन बसली होती, त्यामुळे शैलेशची बाजू लढवायला शैलेश एकटाच होता.

"मी सरखेल कान्होजी आंग्रे!" मंथन ओरडला आणि जनीच्या हातातली किसणी दचकली. "इंग्रज आणि पोर्तुगीज, दोघे मिळून माझ्या कुलाब्यावर चालून आले, पण त्यांना हात हलवत परत जावं लागलं! माझा परवाना घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून एकही जहाज जाऊ शकत नव्हतं!"

तीन मिनिटं तो थांबला नाही. शेवटी तलवार उपसताना ती मधोमध वाकली, पण त्याने ती डाव्या हाताने सरळ धरून ठेवली. हितेशने मोबाइलवर सगळं टिपलं.

"ब्येस," धर्मराज म्हणाला. "आता पाठ केलेलं सोर. तुला तो का आवारतो, त्या सांग."

मंथनने आईकडे पाहिलं. हा प्रश्न तयारीत नव्हता.

"त्यांना कुणाला विचारावं लागायचं नाही," तो म्हणाला. "म्हणजे, बाकीच्यांनी त्यांना विचारायचं."

गोदू खळखळून हसली. "बारा वर्सांच्या पोराला आनखी काय पायजे!" तिने त्याला जवळ बोलावून खोबऱ्याचा चिमूटभर कीस त्याच्या तोंडात घातला. कोमलला हायसं वाटलं. गोदूकाकी आपल्या बाजूने असणारच होत्या. हितेशला त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवून वाढवलं होतं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हितेशचा वाढदिवस, आणि तोच गोदूच्या नवऱ्याच्या, दीनानाथच्या मरणाचा दिवस. दरवर्षी त्या दिवशी सकाळी गोदू नवऱ्याच्या नावाने घास ठेवायची आणि संध्याकाळी हितेशसाठी शिरा करायची. गेल्या चव्वेचाळीस वर्षांत तिने दोन्हींपैकी काहीही चुकवलं नव्हतं.

"आता आमची," शैलेश म्हणाला. मुलीने कोण निवडलंय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. विचारलं तर "सरप्राइज आहे" म्हणाली होती. जिजाऊ किंवा सावित्रीबाई असावी, अशी त्याची आशा होती. त्या नावांना म्हातारा नाही म्हणू शकला नसता.

हर्षालीने पोशाख केला नव्हता. तिने एक तक्ता भिंतीला टेकवून उभा केला आणि हातात वही घेतली.

"माझे प्रेरणास्थान आहे अण्णा मणी."

"कोन हा अण्णा?" धर्मराजने विचारलं.

"हा नाही, आजोबा, ह्या. बाई आहेत. केरळच्या."

कोमलने तोंडाला पदर लावला. शैलेशने डोळे मिटून घेतले.

"मला त्या शाळेच्या लायब्ररीत एका पुस्तकात सापडल्या. त्यांच्या घरात मुलगी आठ वर्षांची झाली की तिला वाढदिवसाला हिऱ्याची कर्णफुलं द्यायचे. अण्णा म्हणाल्या, मला नकोत. मला ज्ञानकोशाची पुस्तकं द्या."

"हिरे नको बोलली?" जनी म्हणाली. "येरी का काय ती पोर!"

"येरी कशी?" गोदू म्हणाली. "मोठी झाल्यावं काय केलं तिनं, त्या तं सांगू दे."

हर्षाली वहीत न बघता बोलू लागली. अण्णा मणी विलायतेला जाऊन हवामानाची यंत्रं बनवायला शिकल्या. तोवर आपल्याकडे साधी यंत्रंसुद्धा बाहेरून यायची. त्या पुण्याला आल्या आणि शंभरेक यंत्रांचे आराखडे त्यांनी नीट करून घेतले, म्हणजे ती इथेच बनवता येतील. वारा मोजायचं यंत्र, पाऊस मोजायचं, ऊन मोजायचं. त्या म्हणायच्या की चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं. बाई आहे म्हणून त्यांच्या छोट्या चुकासुद्धा लोक मोठ्या करून सांगायचे. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"आता हे बघा." ती तक्त्याकडे वळली. त्यावर डावीकडून उजवीकडे स्केचपेनने बाण काढले होते. वाऱ्यापासून यंत्र, यंत्रापासून वेधशाळा, वेधशाळेपासून रेडिओ, रेडिओपासून बंदर, बंदरापासून होडी. होडीत एक माणूस होता आणि त्याने हात वर केला होता. "खबर अशी येते. आता मोबाइलवर येते, आधी रेडिओवर यायची. माझे दीनानाथ आजोबा वादळात गेले. मी गोदूआजीला विचारलं तर ती म्हणाली, तेव्हा खबर आली नव्हती. खबर आली असती तर ते आज आपल्यात असते. असं दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये म्हणून अण्णा मणींनी आयुष्यभर काम केलं. म्हणून त्या मला आवडतात. मोठी झाले की मीपण तेच करणार आहे."

तिने वही मिटली. गोदूची किसणी थांबली होती. शैलेशने डोळे उघडले आणि मुलीकडे पाहतच राहिला.

धर्मराज तक्त्याकडे बघत होता. त्याला अक्षरं वाचता येत नव्हती, पण बाण कळत होते. रेडिओच्या चौकोनापासून बंदराच्या चौकोनाकडे जाणारा बाण हिरव्या रंगाचा होता. खबर त्या बाणावर अडली होती आणि अडवणारा तोच होता.

तेव्हा ते करंजाला राहत. पौर्णिमेला वाजतगाजत नारळ सोडून झाला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं भाऊ होडी काढणार होते, पण रात्रीच जनीला कळा सुरू झाल्या आणि धर्मराज घरी राहिला. उजाडताना रेडिओवर इशारा आला. होडी अजून धक्क्याला होती, दीनानाथ खलाशांबरोबर बर्फ भरत होता, आणि तिथे रेडिओ नव्हता. धर्मराज त्याला भाकरी द्यायला धक्क्यावर गेला, आणि "जपून जा" एवढंच बोलून परत आला. नारळ सोडल्यावर होडी माघारी घ्यायची नाही, ही बापाची शिकवण. मोसमातल्या पहिल्याच फेरीला पाय मागे घेतला तर दर्या वर्षभर उपाशी ठेवतो. शिवाय रेडिओवाले दर चार दिवसांनी वादळ सांगायचे आणि ते यायचं नाही. तो इशारा ऐकून घरातल्या घरात हसलासुद्धा होता. दुपारी हितेश जन्मला. संध्याकाळी वारा उठला. 'धर्मराज' होडी परत आली नाही. "खबरच नाय आली," असं धर्मराज त्या रात्री गोदूला म्हणाला, आणि पुढे सगळे तसंच म्हणू लागले. वर्षभरात तो बिऱ्हाड घेऊन पनवेलला आला आणि त्यानंतर त्याने खाडी सोडून कधी पुढे होडी नेली नाही. लोकांना वाटलं, भावाचं दुःख.

आणि आता ही पोर ते शाळेत शेकडो मुलांपुढे सांगणार होती.

"कान्होजी," धर्मराज म्हणाला. "कान्होजीचंच नाव देऊ. फोन लाव, शैलेश."

कोमलचा चेहरा उजळला. तिने मंथनच्या पाठीवर थाप मारली. शैलेश मात्र जागचा हलला नाही.

"जरा इचार तरी करा ना, बाबा. ती वही मिटते न मिटते तोवर तुमचा निकाल तयार?"

"मना पटला तो नाव, असं ठरला होता."

"ठरलेलं आधीच होतं. पोरांना उगाच नाचवलं. दादा थोरला, दादाचं पोर थोरलं, होडी मी चालवनार तरी होडी दादाची. सरळ बोला ना!"

"ए, मी काही मागितलंय का?" हितेश उसळला. "मी एक शब्द तरी बोललो का आज?"

"तुला कधी बोलावं लागलंय का?"

"शैलेशभावजी, पोरांसमोर नको," कोमल म्हणाली. जिंकलेल्याला शहाणपण सुचतंच. "कान्होजी आंग्रे आपल्या दर्याचे. अण्णा मणी कोण हे बंदरावर कुणाला तरी माहीत असेल का? लोक विचारतील, हा कोणता मद्रासी?"

या सगळ्यात हर्षाली रडली नाही. ती आजोबांच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"माझं काय चुकलं, आजोबा?"

"काय नाय चुकलं, बाय."

"मग का नको?"

धर्मराज उठू लागला तेवढ्यात गोदूने परात बाजूला सारली.

"पोरीला उत्तर द्या, भावजी."

हितेशने मान वळवून पाहिलं. गोदूकाकी आपल्या विरुद्ध बोलते आहे, हे कळायलाच त्याला थोडा वेळ लागला.

"गोदू, पेंटर थांबलाय," जनी घाईने म्हणाली. तिचं लक्ष गोदूकडे नव्हतं, नवऱ्याकडे होतं. "कान्होजी तं कान्होजी. पोरांच्या अभ्यासाचा कवरा तो घोल घालायचा!"

"घोल मी नाय घालत. मी या घरात चव्वेचाळीस वर्सांत काय मागितलं? तूच सांग. आज मागतंय. मना त्या बाईचं नाव पायजे." गोदूचा आवाज चढला नव्हता. "हितेश माझा हाय, मंथन माझा हाय. कान्होजीचं नाव दुसऱ्या होडीला द्या. पन ज्या बाईनं खबर यायची सोय केली, तिचं नाव या घराच्या होडीवं नाय तं कुनाच्या होडीवं? आपल्यासारखा चटका कुनाला लागला हाय? खबर आली नाय म्हनून माझं कुंकू गेलं. एकोनीस वर्सांची होते मी."

जनीने मान खाली घातली. धर्मराज अर्धवट उठलेला, पुन्हा बसला. गप्प राहिला असता तर नाव कान्होजीचं झालं असतं, गोदू दोन दिवस रुसली असती आणि पुढे सगळं नेहमीसारखं चाललं असतं. त्याला ते कळत होतं. पण पोर अजून समोर उभी होती आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलणार नव्हती.

"गोदू," तो म्हणाला, "खबर आलेली."

कुणालाच काही समजलं नाही.

"आलेली खबर. पहाटं. होरी धक्क्यालाच होती. मी भाकर घेऊन गेलो तवा मना ठाव होतं. मी त्याला सांगितलं नाय. नारल सोरलेला. माघारी कशी घेनार? मना वाटलं, हे काय, रोज सांगतात." तो थांबला. "तुला मी खोटं बोललो."

हितेशने मोबाइल खिशात ठेवला. आपल्या जन्मासाठी बाप घरी राहिला होता, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. त्या घरात त्या सकाळी रेडिओही चालू होता, हे त्याला आज कळत होतं.

गोदूने विचारलं, "काय सांगितलं होतं रेडिओत?"

"आता ते कशाला..."

"शब्द सांगा."

धर्मराज सरळ बसला. "उत्तर कोकण किनाऱ्यावर येत्या चोवीस तासांत जोरदार वारे वाहण्याची शक्यता आहे. समुद्र खवळलेला राहील. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये."

मंथन आ वासून आजोबांकडे बघत राहिला. आजोबा असं बोलू शकतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. एकही अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं.

"त्याला सांगितलं असतं, तं तो थांबला असता?" गोदूने विचारलं.

"ठाव नाय. तोबी हसला असता."

"हसला असता. त्याचा सभावच तसा." ती मान हलवत म्हणाली. "पन हसायचं का थांबायचं, त्या त्याला ठरवू द्यायचं होतं, भावजी. जीव त्याचा होता."



गोदू शेजारी वळली. "बाय, तुला ठाव होतं?"

जनीने पदराने तोंड पुसलं. "कला येत होत्या गं मना," ती म्हणाली. "रेडिओ उशाशीच होता."

दोघी जावा चव्वेचाळीस वर्षं एका चुलीवर रांधत आल्या होत्या, आणि भांडल्याच असतील तर मीठ-मसाल्यावरून. गोदूने खोबऱ्याचे हात परातीत झाडले, उठली, जनीजवळची जागा सोडून समोरच्या भिंतीपाशी गेली आणि तक्त्याजवळ जमिनीवर बसली. जनी रडू लागली. कोमल तिच्याजवळ जाऊन बसली.

फोन पुन्हा वाजला. शैलेशने बापाकडे पाहिलं, मग दादाकडे. हितेशने फोन उचलला आणि गोदूच्या हातात दिला.

"हां, प्रभाकर," गोदू म्हणाली. "लिव. अण्णा मणी. हां, अण्णाच. नाय रे, बाई हाय. हवा सांगनारी. मोठ्या अक्षरांत लिव, लांबून दिसलं पायजे."

मंथनने कमरेची तलवार सोडली आणि सोफ्याखाली सरकवली.

हर्षाली मात्र वही उघडून बसली होती. तिची अडचण वेगळीच होती.

"गोदूआजी, माझ्या भाषणात 'खबर आली नव्हती' असं लिहिलंय. पंधरा ऑगस्टला म्हणायचंय."

"खोर मग."

"पेनने लिहिलंय."

"फुली मार त्याच्यावं."

तिने पट्टी लावून ओळ खोडली. "आता काय लिहू?"

गोदूने धर्मराजकडे पाहिलं, आणि मग घरातल्या सगळ्यांनीच पाहिलं. म्हातारा खुर्चीतून उठला. गुडघे धरत तो पोरीजवळ खाली बसला. एवढ्यासाठी त्याला बराच वेळ लागला, पण कुणी हात दिला नाही.

"लिव," तो म्हणाला. "खबर आली होती. धर्मराज काशिराम कोली यानं ती आयकली, आनि भावाला सांगितली नाय."

हर्षालीने लिहिलं. शाळेत शिकवल्याप्रमाणे तिने 'कोळी' केलं, 'ऐकली' केलं, 'नाही' केलं.

"तुमचं नाव खरंच वाचू, आजोबा? सगळ्यांसमोर?"

"वाच."

"इथं वाच आधी," गोदू म्हणाली. "मना आयकू दे."

हर्षालीने वाचून दाखवलं. गोदूने डोळे मिटून ऐकलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा वाचत असताना धर्मराज वहीवर वाकला. ओळीवरून बोट फिरवत आला आणि एका शब्दावर थांबला. तो त्याला कुणी दाखवावा लागला नाही. एवढा एकच शब्द त्याला वाचता येत होता, बापाच्या होडीवर पाहून शिकलेला.